फ्रेंच पाव आणि मराठी जीभ

उन्हाळ्याच्या सुटीतली गोष्ट. धर्मापुरीस घराच्या ओट्यावर संध्याकाळचा बसलो होतो. केदारेश्वराच्या देवळाकडून परतणारी मंडळी रामराम घालीत पुढे जात होती. त्यांच्यातूनच एक तरुण वळला आणि येऊन टेकला. पूर्वी महाविद्यालयात माझ्या मराठीच्या वर्गात बसत असे. पुढे पाकशास्त्राचा अभ्यासक्रम केला आणि पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात पावाच्या भट्टीवर लागला. नोकरी कशी काय चालली आहे, म्हणून मी विचारले.

"काम जमतंय, सर. हात चांगला बसलाय म्हणतेत. पण तोंड उघडायचं भ्या वाटतंय."

खोदून विचारले तेव्हा हकीकत कळली. एके दिवशी पाहुण्यांसमोर त्याला पावांची नावे वाचून दाखवायला सांगितले. फ्रेंच पाव ते, नावेही फ्रेंच, आणि पाटीवर लिहिलेली इंग्रजी अक्षरांत. आमच्या मुलाने अक्षरे लावून वाचली. एकाला म्हणाला 'क्रॉइसंट', दुसऱ्याला म्हणाला 'बॅगुएट्टे'. सगळे हसले. त्याच्या वरच्या माणसाने हसू आवरीत पाहुण्यांना सांगितले, "गावाकडचा मुलगा आहे." त्या दिवसापासून हा मुलगा पावांची नावे घेत नाही. बोटाने दाखवतो. गिऱ्हाइकांसमोर उभे राहण्याची पाळी आली की ती दुसऱ्याला देतो आणि आपण मागे भट्टीशी राहतो. बढती मिळायची ती पुढे उभे राहणाऱ्याला, हे त्यालाही ठाऊक आहे.

"म्या तर लिहिल्यावानी वाचलं, सर," तो म्हणाला. "माझं काय चुकलं?"

श्रोतेहो, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. भाषाशास्त्राच्या एम. ए.ला असताना पुण्यात मी दोन वर्षे फ्रेंचच्या वर्गाला जात होतो. त्या जोरावर त्या मुलाला चार गोष्टी सांगितल्या, त्याच येथे थोड्या विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट, लिहिल्याप्रमाणे बोलावे हा नियम जगातली कोणतीच भाषा पाळीत नाही. आपलीही नाही. 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. बैल मोजताना आपण 'चार' म्हणतो, तेव्हा जीभ टाळूला लागते. त्याच बैलांपुढे 'चारा' टाकतो, तेव्हा जीभ दातांमागे जाते आणि 'त्स'च्या जवळचा आवाज निघतो. लिहिताना दोन्हींचा च एकच. 'जरा थांब' यातला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा, यांचेही तसेच. परप्रांतीय मनुष्य मराठी वाचू लागला की नेमका येथे अडखळतो. आणखी पाहा, आपण 'घर' असे लिहितो आणि 'घर्' असे म्हणतो. शेवटचा अ कागदावर राहतो, तोंडात येत नाही. तेव्हा लिहिलेले सगळे उच्चारावयाचे नसते, हे आपल्याला फ्रेंच माणसाने शिकवायला नको. आपण ते आईच्या मांडीवरच शिकलो आहो.

फ्रेंचमध्ये हा प्रकार जरा जास्त आहे एवढेच. शब्दाच्या शेवटी आलेले व्यंजन तेथे बहुधा मुके असते. मात्र त्या व्यंजनापुढे ई हे अक्षर आले, की ते अक्षर स्वतः गप्प बसते आणि आपल्या आधीच्या व्यंजनाला बोलते करते. या एका किल्लीने त्या मुलाचे निम्मे कुलूप उघडले. क्र्वासाँच्या शेवटी टी आहे, त्यापुढे काही नाही; म्हणून तो टी मुका. बागेतच्या शेवटी दोन टी आणि त्यांपुढे ई. म्हणून ई मुका आणि टी बोलका.

मी 'बागेत' असे म्हटले, आणि मुद्दामच म्हटले. काठीसारख्या लांब पावाचे हे नाव. शब्दाचा मूळ अर्थच छडी किंवा काठी असा आहे. आपल्याकडे शिकलेली माणसे 'बॅगेट' म्हणतात. तो उच्चार इंग्रजीतून आलेला आहे. इंग्रजांचा टी हिरड्यांना लागतो; आपल्या कानाला तो ट वाटतो, आणि म्हणून आपण टेबल, तिकीट, स्टेशन असे ट घालून लिहितो. फ्रेंचांचा टी तसा नाही. तो थेट दातांना लागतो. म्हणजेच तो आपला त आहे. त्यांचा डी हा आपला द आहे. झाडे लावलेल्या जागेत आपण जातो तेव्हा ज्या 'बागेत' जातो, जवळजवळ तोच उच्चार पॅरिसचा पाववाला करतो. हे ऐकल्यावर आमचा मुलगा पहिल्यांदा हसला. धर्मापुरीचा कोणताही माणूस हा शब्द बिनचूक म्हणू शकतो, फक्त त्याला इंग्रजीची वाट सोडून यावे लागते.

येथे मला जे सांगावयाचे आहे त्याच्या गाभ्याशी आपण आलो. आपण फ्रेंच शब्द इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतो आणि त्यामुळे फसतो. तो चष्मा काढला तर मराठी तोंडाला, आणि त्यातही मराठवाड्यातल्या तोंडाला, फ्रेंच काही फारशी परकी नाही. इंग्रज प हा उच्चार शब्दाच्या आरंभी करतो तेव्हा हवा सोडतो, अर्धा फ करतो. फ्रेंच मनुष्य तसे करीत नाही. त्याचे प, त, क आपल्यासारखेच कोरडे असतात. इंग्रज ए म्हणू लागला की शेवटी इ कडे घसरतो. फ्रेंचांचा ए आपल्या ए सारखा सरळ उभा राहतो. इंग्रजीत शब्दातल्या एखाद्याच अक्षरावर मोठा घाव घालतात. फ्रेंचमध्ये अक्षरे सारख्या चालीने येतात आणि शेवटाला थोडा भर पडतो. मराठी माणसाला हे सारे फुकटात मिळालेले आहे.

आता पावाचे साहित्य घेऊ. पाव करायला लागते काय? पीठ, पाणी, मीठ आणि खमीर. पिठाला फ्रेंचमध्ये म्हणतात 'फारीन', मिठाला 'सेल', आणि पाण्याला नुसते 'ओ'. लिहिताना त्याला ई, ए आणि यू अशी तीन अक्षरे लागतात, तिन्ही स्वर, आणि उच्चारात त्यांतला एकही जसाच्या तसा नाही! आपल्याकडे कुणी हाक मारली की आपण 'ओ' देतो; फ्रान्समध्ये दिली तर पाण्याचा तांब्या पुढे येईल. मळलेल्या पिठाला, म्हणजे आपल्या कणकेला, शब्द आहे 'पात'. कांद्याच्या पातीची जी पात, तोच उच्चार. पण येथे एक सावधगिरी हवी. याच शब्दाच्या शेवटच्या ई वर एक तिरकी रेघ आली की तो ई बोलू लागतो आणि शब्द होतो 'पाते'. पात म्हणजे कणीक. पाते म्हणजे मांसाचा वाटून केलेला लगदा. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला हा फरक समजलेला बरा. त्या मुलाच्या घरी वारी आहे. त्याने ही रेघ वहीत लाल शाईने काढून घेतली.

पावाच्या आतला जो मऊ भाग असतो, त्याचे नाव 'मी'. होय, आपण स्वतःला म्हणतो तोच मी. वरचा कडक पापुद्रा तो 'क्रूत'. भाजण्यापूर्वी उंड्यावर पात्याने चीर देतात, त्या पात्याला 'लाम' म्हणतात. उंडे ज्या जाड कापडाच्या घड्यांत निजवून ठेवतात, त्या कापडाला 'कूश' म्हणतात. निजवणे या क्रियापदातूनच तो शब्द आला. सी आणि एच ही अक्षरे जोडून आली म्हणजे फ्रेंचमध्ये श समजावा, च नव्हे. म्हणून लोण्या-अंड्यांच्या त्या गोडसर पावाला 'ब्रिऑश' म्हणावे.

इथपर्यंत काही अडचण नव्हती. अडचण येते ती नाकात. खुद्द पावाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, तो इंग्रजी अक्षरांत वाचला तर दुखणे या अर्थाचा 'पेन' होतो. खरा उच्चार आहे 'पॅं'. शेवटी न् नाही, म् नाही. स्वरच नाकातून काढावयाचा. माझ्याही वर्गात आम्ही सगळे 'पॅन' आणि 'पॅम' करीत बसलो होतो. आमच्या बाईंनी फळ्यावर काही लिहिले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "हिंदीत 'मी'ला काय म्हणता?" आम्ही म्हणालो, "मैं." त्या म्हणाल्या, "तोच स्वर. म च्या जागी प घाला." झाले! पुढे कळले की फ्रेंचमध्ये हाताला जो शब्द आहे तो हुबेहूब हिंदीतल्या 'मैं'सारखाच वाजतो. एक मराठीतला मी, एक हिंदीतला मैं, आणि दोन्ही फ्रेंच भट्टीत सापडावे, ही मौज बाईंनाही ठाऊक नसावी.

सानुनासिक स्वर मराठीला नवे नाहीत. आपल्या जुन्या लेखनात 'मीं', 'कां', 'नाहीं' अशी टिंबे असत. उच्चारातून ती गेली, म्हणून १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी ती लेखनातूनही काढली. कोकणच्या बोलीत तो नाकातला सूर अजून ऐकू येतो. आपल्या मराठवाड्यात तो शेजाऱ्याच्या बोलीतून आला. बाजारात, एस्टीच्या थांब्यावर आपण दखनी उर्दू ऐकतो आणि गरज पडेल तशी बोलतोही. 'हाँ', 'कहाँ', 'नहीं', 'मैं' हे आमच्या पोराटोरांच्या तोंडी आहे. 'कहाँ' मधला आँ घेतला की 'क्र्वासाँ' जमला. 'मैं' मधला स्वर घेतला की 'पॅं' जमला, आणि आंबवून ठेवलेल्या खमिराचे नाव 'लव्हॅं' तेही जमले.

आणि हे एवढ्यावर संपत नाही. फ्रेंचांचा र हा आपला र नव्हे. तो जिभेच्या शेंड्याने निघत नाही. गुळणा करताना घशात जी खरखर होते, तिथून तो येतो. आता उर्दूतला गैन आठवा. ग़म, ग़रीब, ग़ज़ल. तो ग़ थोडा आणखी मागे आणि हलका केला की फ्रेंच र च्या दाराशी आपण पोचतो. पाववाल्याच्या दुकानाला 'बूलाँझ़्री' म्हणतात. यातला झ़ आपल्याला लिहिता येत नाही. मी खाली टिंब देऊन वेळ मारून नेतो आहे. ज नव्हे, झ नव्हे. श म्हणताना आवाज घुमवला की निघतो तो वर्ण. देवनागरीत त्याला घर नाही, पण उर्दू लिपीत आहे. तिथे रे या अक्षरावर तीन नुक्ते दिले की तो वर्ण होतो, आणि अजगराला जो 'अझ़्दहा' शब्द आहे त्यात तो येतो.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी शाळांची भाषा उर्दू होती. माझे आजोबा त्या शाळेत शिकले. मराठी घरची, उर्दू शाळेची, अशी त्यांची दोन जिभांची पिढी. त्या राज्याविषयी आमच्या घरात प्रेमाने बोलले जात नसे, आणि ते योग्यच होते. आपली भाषा शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवून शिकावे लागले याचा सल आजोबांना शेवटपर्यंत होता. पण ते 'अझ़्दहा' म्हणत तेव्हा तो झ़ असा निघे की मी पुण्यात फ्रेंचच्या वर्गात बसलो तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. नाकातला स्वर, घशातला ग़, घुमणारा झ़, फ्रेंचच्या म्हणून ज्या अवघड जागा सांगतात, त्यांतल्या तिन्ही आमच्या आजोबांना येत होत्या. त्यांनी आयुष्यात फ्रेंच पाव पाहिला नव्हता.

आणखी एक गंमत सांगून पुढे जातो. आपल्या वर्णमालेत ञ हे अक्षर आहे. लहानपणी च, छ, ज, झ, ञ असे घोकतो आणि पुढे जन्मभर ते सुटे वापरीत नाही. फ्रेंचांना मात्र त्याची फार गरज पडते. गावाकडचा, जाड सालीचा, थोडे भरडे पीठ घातलेला जो पाव असतो, त्याला ते म्हणतात 'पॅं द काँपाञ्'. म्हणजे रानचा, खेड्याचा पाव. मधला 'द' हा जवळपास आपला साधा द, ओठ किंचित गोल करून म्हटलेला. शेवटी आपला विसरलेला ञ. शहरात हा पाव बाकीच्यांपेक्षा महाग विकतात, असे तो मुलगा म्हणाला. गावाकडचा म्हणून!

आता शब्दांच्या पोटात काय आहे तेही पाहू, कारण अर्थ कळला की उच्चार लक्षात राहतो. पाववाल्याला फ्रेंचमध्ये म्हणतात 'बूलाँझ़े'. गोल पाव करणारा, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. 'बूल' म्हणजे गोळा. आपल्या घरी भाकरी थापायच्या आधी काटवटीत पिठाचा जो गोळा करतात त्याला आपण म्हणतो उंडा. गोव्यात गोल, कडक सालीच्या पावाला म्हणतात उंडो. तेव्हा बूल म्हटले काय, उंडो म्हटले काय आणि आमच्या मायमावश्यांचा उंडा म्हटला काय, वस्तू एकाच हाताच्या घडणीची. फ्रेंच पाकशास्त्रात 'ऑतोलीज' नावाचा एक विधी आहे. रेमों काल्वेल या पावाच्या नामांकित अध्यापकाने १९७४ साली तो सांगितला. पीठ आणि पाणी आधी नुसते कालवावे, थोडा वेळ तसेच ठेवावे, मग बाकीचे मळावे. त्याने कणीक सैल आणि लवचीक होते. नाव ऐकून मुलगा दचकला होता. मी म्हटले, "अरे, तुझी आई पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवते, तेव्हा काय म्हणते?" तो म्हणाला, "मुरू दे म्हणते." तेच ते. तपशिलात फरक आहे, पण कल्पना मुरवण्याचीच आहे. मळलेली कणीक पहिल्यांदा फुगू देतात त्याला 'प्वॅंताझ़', आणि उंडे भट्टीत जाण्यापूर्वी शेवटचे फुगू देतात त्याला 'आप्रे' म्हणतात. या शब्दांत जे भारदस्तपण वाटते ते आपल्याला अपरिचयामुळे वाटते. फ्रेंच खेड्यातल्या माणसाला ते 'मुरू दे' इतकेच घरगुती आहेत.

पण मग कुणी विचारील, एवढी यातायात कशाला? आपण आपल्या तोंडाने म्हणू. शब्द आपल्याकडे आला, आता तो आपला. हेही म्हणणे खोटे नाही. किंबहुना या प्रश्नाची दुसरी बाजू तीच आहे, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे खुद्द आपला 'पाव'.

पाव हा शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, पुढे १७३९ पर्यंत वसईही त्यांच्याकडे होती, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पाव आला. लॅटिन भाषेत पावाला 'पानिस' म्हणत. त्या एका शब्दाची फ्रेंचमध्ये 'पॅं' झाली, इटलीत 'पाने' झाली आणि पोर्तुगालात नाकातून म्हणायचा 'पाँव' झाला. फ्रेंच पॅं आणि आपला पाव हे असे चुलतभाऊ आहेत. पोर्तुगीज उच्चारातले नाकातले टिंब आपण गाळले आणि पाव म्हणू लागलो. मग चौथा हिस्सा म्हणजे पाव, त्यावरून हा पाव, असे कुणी म्हणू लागले. पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, असे कुणी म्हणाले. दोन्ही व्युत्पत्त्या चुकीच्या. पण शब्द इतका मुरला की त्याला घरच्या व्युत्पत्त्या चिकटल्या! गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दाचाच कोकणी अवतार. यीस्ट नव्हते तेव्हा पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ आंबवले आणि पाव केला. म्हणजे वस्तूही आपल्या हवेने बदलली आणि शब्दही. आज कुणी हॉटेलात जाऊन नाकातून 'पाँव' मागेल, तर त्याला आपण शुद्ध म्हणणार नाही. त्याला सर्दी झाली आहे काय, असे विचारू.

कधी कधी तर उलटेच घडते. 'चावी' हा शब्दही पोर्तुगीज. आज पोर्तुगालात सर्वसाधारणपणे तो श ने सुरू करतात. पण आपल्याकडे तो आला तेव्हा ते लोक च म्हणत असत. त्यांचा च पुढे बदलला. आपण जुना च जपून ठेवला. आता शुद्ध कुणाचे?

आणि पुण्याच्या त्या हसणाऱ्या मंडळींकडे वळायचे तर, ती स्वतः जेथे नोकरी करतात त्या जागेला काय म्हणतात? हॉटेल. हा शब्द फ्रेंच आहे. फ्रेंच मनुष्य त्यातला एच उच्चारत नाही आणि टी ला त म्हणतो. त्याच्या तोंडी तो 'ओतेल' होतो. रेस्टॉरंट हाही फ्रेंच. त्याच्या शेवटचा टी क्र्वासाँच्या टी इतकाच मुका आहे. आपण तो ठणठणीत उच्चारतो आणि कुणी हसत नाही. धर्मापुरीच्या थांब्यावर चहा-भज्यांच्या टपरीवरसुद्धा हॉटेल असे लिहिलेले असते. गॅरेज, कूपन, ब्यूरो हे सगळे त्याच घरचे. हे शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या हातून फार वर्षांपूर्वी आले, रुळले, मराठी झाले. ते तसेच म्हणावेत. 'मी ओतेलात जाऊन येतो' असे कुणी म्हणू लागला तर त्याची घरची माणसे काळजीत पडतील.

फ्रेंचांनी तरी दुसरे काय केले? क्र्वासाँ म्हणजे चंद्रकोर. त्याचा पूर्वज ऑस्ट्रियातला, किप्फेर्ल नावाचा. १८३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आउगुस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीच्या पावाचे दुकान काढले, तेथून ती कोर फ्रान्समध्ये रुजली. फ्रेंचांनी किप्फेर्ल म्हणण्याचा प्रयत्न केला नाही. आपल्या भाषेत तिला चंद्रकोर म्हणून मोकळे झाले. पुढे तिचे पदर, लोण्याच्या घड्या, हे सारे त्यांनी केले, आणि आज ती त्यांची. पावाच्या बाबतीत मात्र हे लोक मोठे हट्टी आहेत. परंपरागत फ्रेंच पाव या नावाने काय विकावे यासाठी १९९३ साली त्यांनी सरकारी हुकूम काढला. अशा पावाचे पीठ गोठवायचे नाही, बाहेरची रसायने घालायची नाहीत. २०२२ साली बागेत करण्याची कला युनेस्कोच्या वारसायादीत गेली. शब्दाला जपणारी माणसे अनेक पाहिली, पण शब्दाच्या आतल्या वस्तूला कायद्याने जपणारी थोडी.

तेव्हा माझे त्या मुलाला सांगणे असे होते. मुरलेला शब्द घरच्यासारखा म्हणावा. पाव हा पावच, हॉटेल हे हॉटेलच. पण जो शब्द अजून दाराशी उभा आहे, पाहुणा आहे, त्याचे नाव एकदा त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे. आणि ज्याचा तो धंदा आहे त्याने तर घ्यावेच. वैद्याला औषधाचे नाव आले पाहिजे, सुताराला लाकडाचे. यात फ्रेंचांचा मान राखण्यापेक्षा आपल्या कामाचा मान राखणे अधिक आहे. क्र्वासाँ कदाचित पन्नास वर्षांनी मराठीत 'कुरसान' होईल आणि तेव्हा तेच शुद्ध असेल. आज मात्र तो पाहुणाच आहे.

हसणाऱ्यांविषयी त्याला राग होता, तो मी समजू शकतो. मी विचारले, "तुझे ते वरचे साहेब पुरणपोळी कशी म्हणतात?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पुरन पोली." साहेब उत्तरेकडचे. त्यांना ण येत नाही, ळ येत नाही. "मग तू हसलास का?" "नाही सर. त्यांच्याकडं तो आवाजच नाही, हसायचं काय त्यात?" मी पुढे काही बोललो नाही.

सरावाचे म्हणाल, तर तो सोपा आहे. हल्ली मोबाईलवर कोणत्याही शब्दाचा फ्रेंच माणसाने केलेला उच्चार ऐकता येतो. आमच्या वेळी बाईंचा एक आवाज आणि एक घासलेली ध्वनिफीत, एवढीच सामग्री होती. आधी ऐकावे, पाटी नंतर पाहावी. ऐकलेले आपल्या देवनागरीत लिहून काढावे, इंग्रजी अक्षरांत नव्हे. प म्हणताना तळहात तोंडापुढे धरावा. हातावर फुंकर लागली की इंग्रजी घुसली असे समजावे. नाकातल्या स्वरासाठी शब्दाच्या शेवटी ओठ मिटतात का, जिभेचा शेंडा वर टेकतो का, इकडे लक्ष ठेवावे. मिटले तर म् झाला, टेकला तर न् झाला. दोन्ही नकोत. मुलाने त्याच ओट्यावर बसून वहीत ओळीने लिहून घेतले: बागेत, क्र्वासाँ, पॅं, लव्हॅं, ब्रिऑश, मी, पात. वीसेक शब्द झाले. मग एकेक म्हणून दाखवला. आतून त्याच्या आवाजाने आमची आई बाहेर आली आणि विचारू लागली, "कोन्त्या बागेत चाललास रे?"

एक शब्द मात्र राहिला. कारखान्यातल्या यीस्टला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्यात त्यांचा तो यू येतो. ऊ म्हणण्यासाठी ओठांचा चंबू करायचा आणि चंबू न मोडता ई म्हणायचे, तेव्हा तो निघतो. हा स्वर मराठीत नाही, हिंदीत नाही, आजोबांच्या उर्दूतही नव्हता. 'लव्ह्यूर' असे लिहिले तरी ते खरे नव्हे. त्यापुढे पुन्हा घशातला र आहे. त्या संध्याकाळी त्याने तो पंचवीस वेळा तरी म्हटला आणि पंचवीस वेळा चुकला. खरे म्हणजे माझाही नीट येत नाही. बाकीच्या शब्दांवर मात्र त्याचे आता अडत नाही. परवा त्याचा फोन आला होता. आठवड्यातून दोन दिवस पुढे उभा राहतो म्हणाला. दिवाळीला गावी येणार आहे, तेव्हा त्या एका स्वरासाठी पुन्हा बसायचे ठरले आहे.